समाजावर प्रयोग करता येतो का? येतो, पण प्रश्न कुठला आहे त्यावर सगळं आहे

एम.ए. समाजशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की संशोधन पद्धतीच्या नोट्समध्ये "समाज प्रयोगशाळेत आणता येत नाही, नैतिक अडचणी येतात, म्हणून समाजशास्त्रात प्रयोग पद्धत फारशी वापरत नाहीत" एवढ्या दोन ओळींत विषय संपवलेला असतो, आणि दुसरीकडे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना गरिबीवरच्या फील्ड एक्सपेरिमेंट्ससाठीच (म्हणजे प्रत्यक्ष गावांत, शाळांत चिठ्ठीने गट पाडून केलेल्या प्रयोगांसाठी) मिळालेलं असतं, मग खरं काय मानायचं. मी बरीच वर्षं मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात सर्व्हेचं आणि अशा चाचण्यांचं फील्डवर्क केलंय, करून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. प्रयोग एकाच प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देतो: अमुक केलं म्हणून तमुक झालं का, की ते तसंही होणारच होतं? या एका प्रश्नाला तो जितकं पक्कं उत्तर देतो तितकं दुसरी कुठलीच पद्धत देत नाही, ना सर्व्हे, ना मुलाखती, ना गावात वर्षभर राहून केलेलं निरीक्षण. पण समाजशास्त्रातले बरेचसे मोठे प्रश्न या प्रकारचे नसतातच, आणि तिथे प्रयोग ओढूनताणून बसवला की हाती नेटकं पण बारीकसं उत्तर येतं आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

आता उदाहरण घेऊ. समजा तुम्ही पाहिलंत की ज्या गावांत बाई सरपंच आहे तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झालीत. यावरून काय कळलं? खरं तर काहीच नाही, कारण बाईला निवडून देणारं गाव मुळातच वेगळं असू शकतं, तिथे बचत गट आधीपासून जोरात असतील, किंवा तिच्या सासऱ्याचं तालुक्यात वजन असेल आणि निधी त्या वजनाने आला असेल. हिशोबात चार व्हेरिएबल (उत्पन्न, शिक्षण असे मोजता येणारे घटक) घालून त्यांचा परिणाम वजा केला की आपण हे "कंट्रोल केलं" म्हणतो, पण जे मोजलंच नाही ते कंट्रोल कसं होणार? इथे आपल्या देशात एक फार मोठी संधी कुणा संशोधकाने नाही तर राज्यघटनेने दिली. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर गावपातळीवरची एक तृतीयांश प्रमुखपदं महिलांसाठी राखीव झाली, आणि कुठली पंचायत राखीव होणार हे गावाने ठरवलं नाही, चिठ्ठीने किंवा यादीतल्या क्रमांकाच्या नियमाने ठरलं. म्हणजे राखीव आणि खुली अशी दोन प्रकारची गावं तयार झाली ज्यांच्यात सुरुवातीला सरासरीने काही फरक नव्हता.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी याच गोष्टीचा फायदा घेतला, पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा आणि राजस्थानातला उदयपूर जिल्हा मिळून २६५ पंचायती पाहिल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हीकडे महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी पाण्यावर जास्त काम झालं. पण मला त्यातला जास्त आवडलेला भाग रस्त्यांचा आहे: बंगालमध्ये बायका रस्त्यांबद्दलही तक्रारी करत होत्या, तिथे महिला प्रधानांनी रस्त्यांवर जास्त खर्च केला, राजस्थानात रस्त्याची तक्रार मुख्यतः पुरुषांची होती, तिथे महिला सरपंचांच्या गावात रस्त्यांवर कमी खर्च झाला. म्हणजे "बायका विकास जास्त करतात" असलं गुळगुळीत वाक्य नाही, तर ज्यांच्या तक्रारी त्यांच्या माणसाच्या हातात सत्ता आली की खर्चाची दिशा बदलते, हे दिसलं. आणि तेही त्या काळात जेव्हा सगळीकडे "सगळा कारभार नवराच बघतो, बाई फक्त सहीपुरती" असंच बोललं जायचं. सरपंचपती खरेच होते, आजही आहेत, पण तरीसुद्धा फरक पडला, आणि हे नुसत्या मुलाखती घेऊन कधीच सिद्ध झालं नसतं कारण मुलाखतीत लोक तेच नवऱ्याचं वाक्य परत सांगतात.

यात आपल्याकडचं उदाहरण पण आहे. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेचे वॉर्ड अभ्यासले. १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते ते २००२ ला खुले झाले, मग प्रश्न असा की आरक्षण उठल्यावर बाईचं काय होतं, घरी बसते का? तर आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता तेव्हाही राखीव नसलेल्या वॉर्डापेक्षा साधारण पाचपट निघाली. आरक्षणावर आपल्याकडे इतके वाद होतात, दोन्ही बाजूंनी नुसती ठाम मतं, आणि इथे एक साधी तुलना होती जी करायला कुणालाही कसलाही त्रास द्यावा लागला नाही. नोट्समधली "नैतिक अडचण" इथे येतच नाही, कारण सोडत सरकारने काढलेली आहे, संशोधक फक्त नंतर जाऊन मोजतोय. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात आणि माझ्या मते भारतात समाजशास्त्र करणाऱ्याने सगळ्यात आधी हाच प्रकार शिकावा.

पण याच उदाहरणात मर्यादाही आहे आणि ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. आरक्षणाने गावाला फक्त "बाई" मिळत नाही. ती बहुतेक वेळा पहिल्यांदाच पदावर आलेली असते, शिक्षण कमी असतं, बऱ्याचदा गरीब घरातली असते, आणि पुढच्या वेळी सीट खुली होणार हे तिला माहीत असतं. चिठ्ठी या सगळ्याचं गाठोडं एकत्रच वाटते. मग दिसलेला परिणाम बाई असल्याचा, की नवखी असल्याचा, की परत उभं राहायचं नाही याचा? संशोधक यावर वेगळं विश्लेषण करतात, वरच्या अभ्यासातही केलंय, पण तिथे गेलं की तुम्ही परत साध्या सर्व्हेच्याच जगात येता, चिठ्ठीचं संरक्षण संपलेलं असतं. प्रयोग "झालं का" हे सांगतो, "कशामुळे झालं" हे सांगताना त्याचा आवाज बराच खाली येतो.

दुसरी जागा जिथे प्रयोगाला पर्यायच नाही ती म्हणजे भेदभाव. कुठल्याही एचआरवाल्याला विचारा, तुम्ही जात बघता का, धर्म बघता का, उत्तर ठरलेलं आहे, आम्ही फक्त मेरिट बघतो. आणि गंमत नाही, बरेचजण ते मनापासून म्हणतात, त्यांना स्वतःलाही कळत नसतं. मग विचारण्यापेक्षा ते करतात काय ते बघायचं. आपले अमरावतीचे सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले, ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज, शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक फक्त नावाचा: एक उच्चवर्णीय हिंदू नाव, एक दलित नाव, एक मुस्लिम नाव. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची ऑड्स (बोलावणं येण्याच्या आणि न येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर), उच्चवर्णीय नावाची १ धरली तर, दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ निघाली. खाजगी क्षेत्रात. शिकलेल्या माणसांच्या हातून. मी हा शोधनिबंध वर्गात शिकवायचो तेव्हा काही मुलं एकदम शांत व्हायची आणि काही मुलं मान हलवायची, कारण त्यांना हे आकड्यांशिवायच माहीत होतं. पण माहीत असणं आणि समोरच्याला नाकारता येऊ नये असं दाखवता येणं यात फार फरक आहे, आणि तो फरक या पद्धतीने भरून काढला.

अमेरिकेत डेवा पेजर यांनी मिलवॉकी शहरात हेच प्रत्यक्ष माणसं पाठवून केलं, ३५० ठिकाणी. तुरुंगात गेल्याचा रेकॉर्ड असलेल्या गोऱ्या तरुणाला १७ टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं आणि कसलाच रेकॉर्ड नसलेल्या काळ्या तरुणाला १४ टक्के. यावर वेगळं काही म्हणायची गरज नाही.

आता हा प्रकार इतका चांगला वाटतो म्हणून त्याची मर्यादा नीट बघायला हवी. एक म्हणजे तो फक्त पहिल्या दारापर्यंतच बघतो, बोलावणं आलं की नाही, पुढे मुलाखतीत काय, पगारात काय, प्रमोशनला काय, तिथे खोटा अर्जदार जाऊ शकत नाही. दुसरं म्हणजे जाहिरात देऊन भरलेल्या नोकऱ्याच त्याला दिसतात, आणि आपल्याकडे किती नोकऱ्या ओळखीने, गाववाल्याच्या शब्दावर, भाच्याला लावून भरल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे जात जिथे सगळ्यात जास्त काम करते तीच जागा प्रयोगाच्या बाहेर राहते. तिसरी अडचण खास आपली: महाराष्ट्रात हा प्रयोग करायचा तर आडनावं कुठली घ्यायची? जाधव, पवार, गायकवाड, मोरे ही आडनावं मराठ्यांतही आहेत, दलितांतही आहेत, भटक्या-विमुक्तांतही आहेत. जे आडनाव ऐकून जात लगेच कळते तेवढंच घेतलं तर तुम्ही सगळे दलित उमेदवार नाही तर ओळखू येणारे दलित उमेदवार मोजताय, आणि बायोडाटावर जिल्हा, शाळेचं नाव, माध्यम यातूनही वर्ग कळतो तो वेगळाच. म्हणून असा अभ्यास वाचताना आधी परिशिष्टात नावांची यादी बघायची, निष्कर्ष नंतर.

आणि एक अभ्यास म्हणजे सत्य नाही. जवळपास त्याच काळात दिल्ली आणि आसपास बॅनर्जी, बर्ट्रांड, दत्ता आणि मुल्लैनाथन यांनी तसाच प्रयोग केला, तर सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक दिसला नाही, कॉल सेंटरमध्ये उच्चवर्णीय आणि ओबीसी नावांत ठळक फरक दिसला, आणि मुस्लिम नावांबाबत भेदभावाचा पुरावा सापडला नाही. मग थोरात चुकले का? नाही. नोकरीचा प्रकार बदलला, उत्तर बदललं. कोडिंग येतं की नाही हे कागदावर दिसतं, "बोलायला कसा आहे" हे दिसत नाही, आणि जिथे कागदावर दिसत नाही तिथे नावावरून अंदाज बांधला जातो, निदान माझं वाचन असं आहे. पण हे वाचन मी प्रयोगातून नाही काढलं, नोकरी देणाऱ्यांशी बोलून आणि त्या क्षेत्रांची माहिती असल्यामुळे काढलं.

एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे लावलं की काय होतं याचं सगळ्यात गंभीर उदाहरण अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचं आहे. १९८१-८२ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी तिथल्या पोलिसांबरोबर घरगुती मारहाणीच्या केसेसवर प्रयोग केला, नवऱ्याला अटक करायची, की समज द्यायची, की काही तासांसाठी घराबाहेर पाठवायचं, हे रंगीत फॉर्मच्या पॅडवर जो फॉर्म वर येईल त्यावरून ठरायचं. पोलीस रेकॉर्डप्रमाणे नंतरच्या सहा महिन्यांत परत मारहाण अटक केलेल्यांत १० टक्के, समज दिलेल्यांत १९ आणि बाहेर पाठवलेल्यांत २४ टक्के. बातमी देशभर गेली, अनेक पोलीस खात्यांनी अटकेचं धोरण उचललं. नंतर ओमाहा, शार्लट, मिलवॉकी अशा आणखी शहरांत तोच प्रयोग परत केला तर चित्र विस्कटलं, काही ठिकाणी अटकेचा फायदा दिसला नाही, आणि बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत तर अटकेनंतर मारहाण वाढल्याचं दिसलं. ज्याला नोकरी आहे, इज्जत जाण्याची भीती आहे, त्याच्यावर अटकेचा धाक बसतो, ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही तो घरी येऊन राग काढतो. सरासरी आकड्याच्या पोटात दोन उलट परिणाम लपलेले असू शकतात, आणि त्याची किंमत इथे बायकांनी मोजली. मी तरुण संशोधकांना एवढंच सांगतो की सरासरी निघाली म्हणून काम संपलं असं समजू नका, कुणासाठी काय झालं ते वेगळं काढा, आणि ते गट डेटा आल्यावर नाही तर आधीच ठरवून लिहून ठेवा, नाहीतर वीस प्रकारे कापून बघितल्यावर काहीतरी निघतंच.

फील्डवरच्या अडचणींवर थोडं लिहितो कारण नोट्समध्ये त्या कधीच नसतात. कागदावर रँडमायझेशन (कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवणं) पाच मिनिटांत होतं, गावात नाही. पलीकडच्या वाडीला मिळालं आम्हाला का नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि तो रास्त आहे. ऑफिसात बसून कॉम्प्युटरने यादी काढली की लोकांना वाटतं वशिला लागला, म्हणून आम्ही ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायला लागलो, लहान पोराकडून उचलायच्या, लोकांनी आरक्षणाची सोडत तशीच पाहिलेली असते, लगेच मान्य करतात. मग गळती: बीड भागात दिवाळीच्या आधी बेसलाइन (योजना सुरू होण्याआधीची पहिली मोजणी) घेतली आणि फेब्रुवारीत परत गेलात तर निम्म्या घरांना कुलूप, माणसं उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली. नुसती माणसं कमी झाली असती तर चाललं असतं, पण तुमच्या योजनेमुळे काही कुटुंबं कारखान्याला गेलीच नाहीत असं झालं तर एका गटात थांबलेले जास्त आणि दुसऱ्यात कमी, मग ज्यांची तुलना करताय ती माणसंच सारखी राहत नाहीत. आणि माहिती गटात थांबत नाही, आठवडी बाजारात जाते, माहेरी जाते. त्यामुळे माणसाऐवजी अख्खं गाव चिठ्ठीत टाकावं लागतं, आणि तसं केलं की चाळीस गावांतली दोन हजार माणसं मोजली तरी तुमच्या हातातल्या चिठ्ठ्या चाळीसच असतात, निष्कर्ष किती पक्का हे मुख्यतः गावांच्या संख्येवर ठरतं, हे बऱ्याच रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

आपण बघतोय म्हणून माणसं वेगळी वागतात, हा हॉथॉर्नचा मुद्दा सगळ्यांना पाठ असतो, शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांवरून आलेला. पण २०११ मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या उजेडाच्या प्रयोगांचा मूळ डेटा परत तपासला तेव्हा पुस्तकात सांगतात तसा ठळक परिणाम त्यात सापडला नाही, तेव्हा ते उदाहरण जपून वापरा. आमचा अनुभव वेगळा आहे, आमच्याकडे लोकांना वाटतं हा घरकुलाचा सर्व्हे आहे, मग पक्कं घरही कच्चं सांगितलं जातं. दोन्ही गट सारखंच कमी सांगत असतील तर तुलना टिकते, पण ज्या गटात संस्थेची ताई दर आठवड्याला येत होती तो गट तिला बरं वाटेल तसं सांगतो, तिथे तुलना गेली. म्हणून विचारण्यापेक्षा दिसणाऱ्या गोष्टी मोजा, शाळेची हजेरी, पंचायतीचं दप्तर.

नैतिकतेबद्दल पुस्तकात मिलग्राम (हुकूम देऊन दुसऱ्याला विजेचे खोटे धक्के द्यायला लावणारा प्रयोग) आणि झिम्बार्डो (विद्यार्थ्यांना घेऊन केलेला बनावट तुरुंगाचा प्रयोग) येतात, ते बरोबर आहे, पण ती दोन्ही मानसशास्त्रातली उदाहरणं आहेत आणि आपला खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे संमती बहुतेक वेळा सरपंच देतो, फार तर घरातला कर्ता पुरुष, आणि सून मान खाली घालून बसलेली असते. ती संमती मी मानत नाही. ज्या गटाला काही मिळत नाही त्याचं काय, यावर माझं मत असं की पैसे खरोखरच निम्म्या गावांपुरते असतील तर चिठ्ठी हीच सगळ्यात न्याय्य वाटणी आहे, पण पैसे असताना केवळ तुलनेसाठी कुणाला उपयोगी ठरल्याचं सिद्ध झालेलं औषध, धान्य किंवा शिक्षण नाकारणं चूक आहे, कितीही चांगला पेपर निघत असला तरी.

आणि शेवटची मर्यादा मला सगळ्यात मोठी वाटते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर जो निबंध वाचला त्यात जातीचं मूळ सजातीय विवाहात आहे असं मांडलं, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींना त्या बंधनाशी जोडून दाखवलं. हा प्रश्न कुठल्या चिठ्ठीने सुटणार होता? गिरणगाव का मोडलं, १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या घरांचं काय झालं, मराठवाड्यात जमीन कुणाच्या नावावर का आहे, यातल्या कशाचंच वाटप चिठ्ठीने करता येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने याच कारणासाठी समाजशास्त्राचा मार्ग तुलनेचा आहे, तो अप्रत्यक्ष प्रयोगच आहे, असं १८९५ मध्ये म्हटलं होतं. माझी काळजी अशी आहे की फंडिंग प्रयोगाला जास्त मिळायला लागलं की संशोधक चिठ्ठीत बसतील असेच प्रश्न विचारायला लागतात, हजेरी कशी वाढेल, एसएमएस पाठवला तर लस घेतील का, आणि जमीन, जात, मालकी हे प्रश्न "अवघड आहेत" म्हणून मागे पडतात. त्यात प्रयोग पद्धतीचा दोष नाही, पण हे होताना मी पाहिलंय.

तुम्हाला डिझर्टेशनसाठी करायचंच असेल तर स्वतः प्रयोग उभा करू नका, तेवढा पैसाही नसतो आणि वेळही नसतो. तुमच्या शहरातल्या प्रभागांच्या जुन्या आरक्षण सोडतीचे तक्ते मिळवा आणि कुठलं आरक्षण खरंच चिठ्ठीने पडलंय ते आधी तपासा: महापालिकेत अनुसूचित जातींचे प्रभाग साधारणपणे लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात, त्यामुळे ते आणि बाकीचे प्रभाग यांची थेट तुलना करता येत नाही, महिलांच्या जागांसाठी मात्र चिठ्ठी काढतात, तिथे करता येते. त्यातही प्रभागाच्या सीमा दोन निवडणुकांच्या मध्ये बदलल्यात का ते नकाशा लावून बघा, कारण सीमा बदलली असेल तर जुना राखीव प्रभाग आणि नवा प्रभाग एकच आहे असं धरता येत नाही. मग त्यातले चार-पाच प्रभाग निवडून तिथल्या आजी-माजी नगरसेविकांशी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांशी नीट बसून बोला.